हाकेनंतरची रिकामी ओळ

मराठी मंडळाच्या परीक्षितने पाठवलेलं कार्यक्रमाचं पोस्टर अंजनाने फोनवर उघडलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर मंडळाचं नाव, खाली समईचं चित्र आणि समईशेजारी हालिनाचा फोटो. हालिनाच्या हातातली सिगारेट कुणीतरी कॉम्प्युटरवर पुसून टाकली होती. बोटं मात्र तशीच अर्धवट वर राहिली होती, आशीर्वाद दिल्यासारखी. फोटोखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'पोलंडची संत कवयित्री'.

"संत म्हणे!" अंजना ओरडली. "काय डोकंबिकं फिरलंय का यांचं?"

विवेक लॅपटॉपवर मान घालून बसला होता. "जाऊ दे ना यार," तो म्हणाला. "पोस्टरच आहे."

नवरे लोकांना हे 'जाऊ दे' कोण शिकवतं कुणास ठाऊक. अंजनाने गाडीची किल्ली उचलली. रिहर्सल दुपारी परीक्षितच्या घरी होती आणि तिला तिथे कुणी बोलावलेलं नव्हतं. पोस्टर असं, तर गाण्याचं काय केलं असेल या लोकांनी? बॉथेल उपनगरातल्या त्या चढावर तिने गाडी घातली.

हालिना ही पोलंडमधल्या कोळशाच्या खाणीच्या गावातली शाळामास्तरीण. कवितांची दोन बारीक पुस्तकं आणि थोडे निबंध मागे ठेवून गेली. तिच्या जिल्ह्याबाहेर तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. अंजनाला ती कळली ती हालिनाच्या धाकट्या बहिणीमुळे. ती बहीण, तेरेसा, मुलाकडे बॉथेलला राहते, अंजनापासून दोन गल्ल्या सोडून. नागपूरच्या अंजनाने पीएचडी केली पोलंडमधल्या व्रोत्सवाफला, त्यामुळे पोलिश तिला चांगलं येतं. दुकानात रांगेत पोलिशमध्ये पुटपुटत उभ्या असलेल्या या म्हातारीला तिने तिच्या भाषेत "आधी तुम्ही" म्हटलं, आणि म्हातारीने तिथेच तिचा हात धरला तो आजतागायत सोडलेला नाही. वयाने ती आजीच, पण तसं म्हटलेलं तिला खपायचं नाही, म्हणून अंजना तिला तेरेसा मावशी म्हणायची. मावशी म्हणजे आईची बहीण हे कळल्यावर म्हातारी जाम खूश झाली होती.

ही ओळख झाली त्याच वर्षी अंजनाचा भाऊ लहू कोरोनात गेला. नागपुरात बेड मिळाला नाही, बेड मिळाला तर ऑक्सिजन मिळाला नाही. अंजनाच्या व्हिसाचा असा घोळ होता की गेली असती तर परत येता आलं नसतं, आणि गेली असती तरी त्याला बघायला मिळालं नसतं. तिने भावाचा पुण्यानुमोदनाचा विधी इथे सोफ्यावर बसून व्हिडिओवर पाहिला. भंतेजींचा आवाज मध्येमध्ये तुटत होता. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. 'देवाची इच्छा.' 'चांगली माणसं देवाला आधी हवी असतात.' अंजनाला वाटलं, फोन उचलावा आणि भिंतीवर आपटावा. कोण हा देव, ज्याला माझा तिशीतला भाऊ आधी हवा होता? आणि हवा होता तर असा, श्वास कोंडून?

तेव्हा तेरेसा मावशीने काही न बोलता बहिणीचं पुस्तक तिच्या हातात ठेवलं होतं.

त्यातल्या एका निबंधात हालिनाने लिहिलं होतं की प्रार्थना म्हणजे बंद खिडकीपुढची रांग. खिडकी उघडेल असं खोटं सांगू नये, आणि ती बंद आहे म्हणून घरीही जाऊ नये. अंजनाने ते वाचलं आणि ती कितीतरी दिवसांनी रडली. तिच्या घरात देव नव्हता. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून नव्हता, आणि त्याचं तिला कधी काही वाटलंही नव्हतं. पण हाक मारायची गरज फक्त देव मानणाऱ्यांनाच पडते, हे ठरवलं कुणी? लहूला हाक मारायची होती तिला. कुणाकडे बघून मारायची एवढंच कळत नव्हतं. आणि इथे एक बाई तेच म्हणत होती, तेही धड मराठीत आणता येईल इतकं सरळ.

त्या पुस्तकातली एक कविता अंजनाने मराठीत आणली. खाणीत माणसं अडकलीत, त्यात हालिनाचा आणि तेरेसाचा भाऊ यानेकही आहे, आणि फाटकाशी बायका उभ्या आहेत.

*दिवा लावून आलेय. चूल पेटती ठेवून आलेय.*
*खाली तुम्ही, वर आम्ही, मध्ये डोंगर.*
*हाक मारते मी*

*ऐकलंस तर उत्तर दे.*
*नाही ऐकलंस, तरी मी इथून हलत नाही.*

हाक मारल्यावर एक ओळ कोरी. हालिना वाचून दाखवायची तेव्हा तिथे थांबायची, ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होईपर्यंत थांबायची. भाषांतराला परवानगी देताना तेरेसा मावशीने एकच अट घातली होती: "तिथे काही भरू नकोस." अंजनाने शब्द दिला होता. परीक्षितने मंडळाच्या 'विश्वाची भक्तिगाणी' कार्यक्रमासाठी कविता मागितली तेव्हा तिने त्यालाही हे नीट समजावलं होतं. तो म्हणाला होता, "सुपर! एकदम पॉवरफुल कन्सेप्ट आहे."

परीक्षितच्या घरी वरच्या मजल्यावरच्या जादा खोलीत, म्हणजे बोनस रूममध्ये, सतरंजी अंथरली होती. मोरेश्वर काका पेटीवर होते, हिमानी गात होती. दाराशी चपला काढतानाच अंजनाच्या कानावर सूर आले. भैरवी होती, आणि खोटं कशाला बोला, हिमानीचा आवाज गोड होता.

"हाक मारते मी... प्रभो, प्रभो रे!"

अंजना एक चप्पल पायात तशीच ठेवून जिन्यावर थांबली.

"ऐकशील तू, देशील उत्तर... तुझ्या चरणी मी, हलणार नाही..."

हा सरळसरळ ध चा मा होता. फाटकाशी पाय रोवून उभी राहिलेली बाई या लोकांनी उचलून देवाच्या पायाशी नेऊन बसवली होती, आणि वर भैरवी लावली होती. अंजना खोलीत शिरली ती एक चप्पल घालूनच.

"हे कोणी घातलं?"

"अरे, अंजना! ये ये," परीक्षित म्हणाला. "कसलं झालंय ना? अंगावर काटा!"

"प्रभो कोणी घातला, विचारतेय."

मोरेश्वर काकांनी पेटीचा भाता सोडला. काका गरीब माणूस, सगळ्यांच्या पोरांना फुकट पेटी शिकवणारे. ते समजुतीने म्हणाले, "अगं, मीच घातला. तिथे नेमकी सम येते बघ. समेवर शब्द पडायला नको? रिकामी सम कशी सोडायची? ऐकणाऱ्याला वाटेल गाणारी विसरली."

"वाटू दे ना काका! तिथे काहीच नाहीये. त्या बाईने मुद्दाम काही लिहिलं नाही. आणि चरण कुठून आले? तिच्या कवितेत कुणाला चरणच नाहीयेत!"

"पण अर्थ तोच होतो ना गं?" हिमानी म्हणाली. "ती हाक कुणाला मारतेय शेवटी? देवालाच ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"मग कुणाला?"

याचं उत्तर अंजनाला देता येईना. देता येत नाही म्हणून तर ती ओळ कोरी आहे, हे या बयेला कसं सांगायचं? तेवढ्यात परीक्षित पुढे आला, खांद्यावर हात ठेवल्यासारखा आवाज काढून म्हणाला, "अंजना, डोन्ट माइंड हं. पण तुमच्यात देव हा प्रकार नसतो ना. म्हणून तुला ती जागा रिकामी वाटते. आम्हाला तिथे फील होतो. हे अध्यात्म आहे यार, तो फील आतून यावा लागतो."

मोरेश्वर काकांनी मान खाली घातली. हिमानी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत बसली.

तुमच्यात! पंधरा वर्षं झाली या देशात, एकाच कंपनीच्या पार्किंग लॉटमध्ये गाड्या लावतो, एकमेकांच्या पोरांच्या वाढदिवसाला जातो, आणि हा माणूस 'तुमच्यात' म्हणतो. अंजनाची कानशिलं तापली. लहू गेला तेव्हा दिवसरात्र जे तिच्या आत धडका मारत होतं, ते काय होतं मग? पोटात गॅस झाला होता? हाक मारायचंही कंत्राट याच लोकांनी घेऊन ठेवलंय की काय!

"परीक्षित," ती म्हणाली, "मला काय फील होतं ते तुला कळायला तुझे सात जन्म जातील, आणि ते तू मानतोस म्हणून म्हणतेय. ती ओळ काढायची. चरण काढायचे. पोस्टरवरचं संत काढायचं. नाहीतर कविता काढायची."

"आता कशी काढणार? उद्या प्रोग्राम आहे. आणि त्या आजींना मी स्वतः इन्व्हाइट केलंय. त्या चर्चमधल्या दोन मैत्रिणींना घेऊन येताहेत. त्यांना काय सांगू, कॅन्सल केलं?"

इथे अंजना अडकली. तेरेसा मावशीने या कार्यक्रमासाठी केस सेट करून घेतले होते. तिच्या बहिणीची कविता कुणी स्टेजवर म्हणणार, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. तिचं हृदय इतकं कमजोर झालं होतं की असं दुसऱ्यांदा बघायला ती असेल याची काही खात्री नव्हती. कविता काढली तर म्हातारीचं मन मोडणार, ठेवली तर तिला दिलेला शब्द मोडणार.

"प्रॉमिस कर," ती म्हणाली. "तिथे फक्त ठेका वाजेल. शब्द नाही."

"डन," परीक्षित म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेसेजही आला: 'ऑल सॉर्टेड. चिल.'

अंजनाने विश्वास ठेवला. काय करणार? विश्वास ठेवला नसता तर मावशीला गाडीत बसवून नेणं तिच्याच्याने झालं नसतं.

शाळेचं ऑडिटोरियम गच्च भरलं होतं. बाहेर वडे तळल्याचा वास, आत पैठण्या. तेरेसा मावशी पहिल्या रांगेत बसली, निळ्या कोटात, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून. शेजारी तिच्या दोन मैत्रिणी. पडद्यावर हालिनाचा फोटो आला. बहिणीची सिगारेट कुठे गेली म्हणून मावशीने भुवया वर केल्या. 'संत कवयित्री' ही अक्षरं तिला वाचता येत नव्हती, आणि अंजनाने मूग गिळले.

हिमानी गायला लागली. दिवा आला, चूल आली, डोंगर आला.

"हाक मारते मी... प्रभो, प्रभो रे!"

एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी हिमानीने हात उंचावून लोकांना खूण केली आणि अख्खं ऑडिटोरियम तिच्याबरोबर गायला लागलं. टाळ्यांचा ठेका सुरू झाला. मागे कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. परीक्षित विंगेत डोळे मिटून डोलत होता. नालायक माणूस! सकाळी 'चिल' म्हणून मेसेज करतो!

तेरेसा मावशीने मान वळवली. "अंजना," ती पोलिशमध्ये म्हणाली, "मी सारखी वाट बघतेय. ती थांबते ती जागा कुठे गेली?"

खोटं बोलायला हीच वेळ होती. आली होती, तुमच्या लक्षात आलं नाही, असं म्हटलं की मिटलं असतं. मावशीला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला आनंदात घरी सोडता आलं असतं.

"थांबलेच नाहीत," अंजना म्हणाली. रागाने तिचा आवाज फाटला. "त्यांनी तिथे देवाला बसवलं. मी सांगून ठेवलं होतं मावशी, मला हो म्हणाले आणि फसवलं. तुम्हाला दिलेला शब्द मी पाळू शकले नाही."

स्टेजवर गाणं संपलं, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, आणि परीक्षितने माइकवर घोषणा केली की कवयित्रीच्या भगिनींचा सत्कार होईल.

विवेकने आणि अंजनाने तिला दोन्हीकडून धरून वर नेलं. परीक्षितने शाल पांघरली, नारळ हातात दिला. नारळाचं काय करायचं ते म्हातारीला कळेना, तिने तो पोटाशी धरला. मग तिने माइककडे बोट दाखवलं.

ती पोलिशमध्ये बोलली, हळूहळू, एकेक वाक्य तोलून. तिचा तो म्हातारा, कापरा आवाज ऐकून लोकांना गहिवरून आलं. मध्येच कुणी टाळी वाजवली. परीक्षितने छातीवर हात ठेवून मान झुकवली. एका काकूंनी तर डोळे पुसले. काय बोलतेय हे एकालाही कळत नव्हतं, पण आपलं कौतुक चाललंय याबद्दल कुणाच्या मनात शंकाच नव्हती.

"आता अंजना मराठीत सांगेल," परीक्षित म्हणाला आणि माइक देताना पुटपुटला, "छान सांग हं. शॉर्ट अँड स्वीट."

अंजनाने माइक घेतला.

"तेरेसा मावशी म्हणतात," ती म्हणाली, "मी देव मानते. तुम्ही गायलात तो शब्द मी रोज सकाळी गुडघे टेकून म्हणते. बहिणीने तो लिहावा म्हणून मी तिच्याशी आयुष्यभर भांडले. धर्मगुरूंनी सांगून पाहिलं, छापणाऱ्यांनी सांगून पाहिलं. ती मरणाच्या दारात होती तेव्हा मी तिच्या कानाशी लागून म्हटलं, आता तरी म्हण. एक शब्द आहे, तुझं काय जातं? ती नाही म्हणाली. तिला खूप त्रास होत होता, तरी ती नाही म्हणाली."

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या.

"तुम्ही तो शब्द तिच्या तोंडी किती सहज घातलात. मला जे जमलं नाही ते तुम्ही गाण्यात करून टाकलंत. सुंदर गायलात. ही माझी प्रार्थना आहे, तिची नाही. तिचं नाव यावरून काढून टाका."

परीक्षितचा चेहरा पडला. त्याने माइक घ्यायला हात पुढे केला. "ओके, थँक यू अंजना, आपण आता..."

"हात लावून बघ," अंजना म्हणाली. ते माइकवरच म्हटलं गेलं आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. परीक्षितने हात मागे घेतला.

मोरेश्वर काका पेटीवरून उठले. त्यांनी तबलजीला हाताने थांबवलं, स्वतःची खुर्ची उचलून आणली आणि मावशीला तिच्यावर बसवलं. "तू वाच बाळा," ते अंजनाला म्हणाले. "आम्ही कुणी वाजवणार नाही. माझं चुकलं."

अंजनाच्या हातात कागद नव्हता, पण कागदाची तिला गरजही नव्हती.

"दिवा लावून आलेय," ती म्हणाली. "चूल पेटती ठेवून आलेय. खाली तुम्ही, वर आम्ही, मध्ये डोंगर. हाक मारते मी..."

ती थांबली. कुणी खोकलं. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. आणि मग मधल्या रांगेतून, सवयीने, अगदी भक्तिभावाने एक बारीक आवाज उठला: "प्रभो, प्रभो रे..." त्याला दुसरा आवाज मिळाला, मग तिसरा.

"गप्प बसा!" अंजना किंचाळली. "दोन मिनिटं गप्प बसवत नाही तुम्हाला? कुणी मेलं की तुम्ही बोलता, कुणी रडलं की तुम्ही बोलता! माझा भाऊ तडफडून गेला, तेव्हाही तुमच्याकडे उत्तर तयार होतं! नाहीये उत्तर! मला माहीत नाही, हिला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही! गप्प बसा!"

सगळे गप्प बसले. हिमानीने तोंडावर हात ठेवला. विंगेत परीक्षित खांबाला टेकून उभा होता. मावशीला मराठी कळत नव्हतं, पण तिने डोळे मिटून घेतले होते.

अंजनाचा राग जरासुद्धा उतरला नव्हता. त्या रागातच तिने सगळ्यांच्या देखत, मनातल्या मनात लहूला हाक मारली, लहानपणी खेळायला गेलेल्या लहूला जेवायला बोलवायची तशी, आणि थांबली. लोकांना अवघडल्यासारखं झालं तरी थांबली. काहीच ऐकू आलं नाही.

मग तिने पुढची ओळ म्हटली.